जुळेपर्यंत दोन्ही

चंद्रात्रेसाहेबांच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. कुणी वेळ विचारली की ते दोन्ही सांगायचे. "सव्वासात. आणि सात वीस." विचारणारा थांबून राहायचा, यातली खरी कुठली ते कळेल म्हणून. साहेब मात्र तोवर आत निघून गेलेले असायचे.

एक घड्याळ चावीचं, त्यांच्या वडिलांचं. दुसरं सेलवर चालणारं, मेन रोडवरून नवीन आणलेलं. कामाला लागले त्या दिवशी मी विचारलं, "साहेब, जुनं काढून ठेवू का? भिंत पुसायला बरं पडेल."

त्यांनी हात आडवा केला. "नाही, नाही सुमनबाई. नवं अजून जुळलेलं नाही. जुळेपर्यंत दोन्ही चालू ठेवायचं. याला पॅरलल म्हणतात."

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या चौथीत पॅरलल नव्हतं.

साहेब बँकेत होते, रविवार कारंजाजवळच्या शाखेत. तिथे तेव्हा नवीन मशीन आलं होतं. जाड जाड खातेवह्यांत लोक हाताने जे लिहायचे ते सगळं आता मशीनमध्ये जाणार होतं, आणि ते बसवून द्यायचं काम साहेबांकडे होतं. नियम असा, की मशीन आलं म्हणून वह्या लगेच बंद करायच्या नाहीत. दिवसभर वहीतही लिहायचं, मशीनवरही लिहायचं, आणि संध्याकाळी दोन्ही ताडून बघायचं. रोज जुळायला लागलं की साहेबांनी सही करायची. मग वह्या कपाटात, आणि वह्या लिहिणारे कळवणला नाहीतर इगतपुरीला, दुसऱ्या शाखेत.

हे मला फार उशिरा समजलं. तोपर्यंत साहेबांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, असंच मी धरून चालले होते.

कारण बँकेतलं ते घरी घेऊन आले होते. गॅस आला तरी स्टोव्ह गेला नव्हता. सकाळी स्टोव्हवरचा एक कप चहा, गॅसवरचा एक कप चहा, दोन्ही डोळे मिटून. नवा चष्मा लागला तेव्हा पेपर आधी जुन्या चष्म्याने वाचला आणि मग त्याच बातम्या नव्याने. मी धीर करून विचारलं, काय फरक पडला? "जुन्यातून बातमी बरी वाटते," ते म्हणाले.

स्कूटर घेतली तेव्हा तर मोठाच घोळ झाला. जाताना स्कूटर आणि येताना सायकल, असं त्यांना बघायचं होतं. त्यासाठी आधी सायकल बँकेत नेऊन ठेवावी लागली. ती ठेवून घरी आले ते रिक्षाने. रिक्षाला किती वेळ लागला ते काही त्यांनी धरलं नाही. ती पॅरललमध्ये नव्हती.

लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. ठकूमावशी म्हणायची, "करतो कशाला? एका बायकोवर भागलं नसतं त्याचं."

ठकूमावशी म्हणजे घरातली जुनी स्वयंपाकीण. मूळची चांदवडकडची, साहेबांच्या आईच्या वेळेपासून इथे. मागच्या पडवीत झोपायची. साहेबांना ती एकटीच बाळू म्हणायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मीठ चाचपून घालायची, घातलं की नाही ते विसरायची, आणि पुन्हा घालायची. साहेबांच्या बहिणीने पुण्याहून येऊन एकदा ती आमटी चाखली आणि दुसऱ्याच दिवशी मला कामाला लावलं. "आता मावशींना त्यांच्या भाच्याकडे पोचवून दे," असं त्या साहेबांना बजावून गेल्या. साहेब हो म्हणाले. बहीण गाडीत बसल्यावर म्हणाले, "पण आधी पॅरलल."

म्हणून रोज दोन स्वयंपाक. ताटात डावीकडे मावशीच्या आमटीची वाटी, उजवीकडे माझ्या. साहेबांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं, "मावशी, तुम्ही वही. आणि या सुमनबाई मशीन. दोन्ही जुळलं, की सुमनबाई कायम."

तेव्हापासून मावशी मला नावाने हाक मारेना. "आलीस का गं मशीन? तो तवा घासून ठेव."

माझा जीव त्या 'कायम'वर होता. आमच्या यांचा सातपूरचा कारखाना बंद पडला होता आणि घर माझ्या हातांवर चाललं होतं. मला लाजेने कुणापुढे बोलता येत नाही, दुसरं काम मागायला चार दारं फिरणं तर जमणारच नव्हतं. पण मला हे उमजेना, की जुळवायचं म्हणजे काय करायचं. मावशीची आमटी खारट, म्हणून एके दिवशी मीही मूठभर मीठ टाकलं. नेमकी त्या दिवशी ती घालायलाच विसरली.

साहेबांनी दोन्ही वाट्या चाखल्या. "फरक आहे," म्हणाले, आणि चेहरा खुलला. हेही मला समजत नव्हतं. माणसाला जुळायला हवंय, आणि जुळलं नाही की आनंद होतो.

एकदा त्यांनी मला मशीनच्या आतलं सांगायला घेतलं. मशीनला काय करायचं ते सांगणारा एक प्रोग्राम असतो म्हणे. "मुंबईवाल्यांनी आधी पाठवला तो गोडा मसाला. सगळं एकत्र कुटलेलं. व्याजाचा दर बदलला की सगळा मसाला पुन्हा कुटा. मी म्हटलं, मला मसाल्याचा डबा पाठवा. व्याज एका वाटीत, बचत दुसऱ्या वाटीत. जिरं बदललं तर हळदीला कळता कामा नये."

मी मान हलवली. काहीच शिरलं नव्हतं. मावशी कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती म्हणाली, "पण बाळू, शेवटी एकाच कढईत पडतंय ना समदं?"

साहेबांनी फळीवरचा मसाल्याचा डबा उघडून पुन्हा बंद केला. "मावशी, तिथंच तर अडलंय."

त्या सुमारास बँकेतले आहिरे म्हणून एक कारकून संध्याकाळी घरी यायचे. वह्या लिहिणाऱ्यांतले ते शेवटचे उरले होते. चहा, अर्थात दोन कप, घ्यायचे आणि विचारायचे, "मग साहेब, आज?"

"आज फरक आहे," साहेब म्हणायचे. "तुमचा आहे की मशीनचा, ते बघावं लागेल."

"सावकाश बघा, साहेब." आहिऱ्यांची मुलगी बारावीला होती आणि त्यांना परीक्षेपर्यंत तरी नाशिक सोडायचं नव्हतं. मॅनेजर म्हणे रोज विचारायचा, तुमचा फरक संपतो कधी?

मावशीही विचारायची, पण मला. "मशीन, तुझं जुळलं म्हंजे मला जावं लागंल का गं? भाचा बरा हाय, पण त्याची बायको मला कांदं साठवायच्या चाळीत झोपवील. मला नाय सोसत तो वास." एवढं बोलून लगेच म्हणायची, "जुळायचं नाय तुझं. तुझा हातच आळणी."

मग एक दिवस मावशीला ताप भरला. पडवीत गोधडी ओढून पडली आणि म्हणाली, "बाळूला सांगू नको. म्हातारीला आता झेपत नाय, म्हणंल." मी बरं म्हटलं. एकाच पातेल्यात आमटी केली आणि दोन वाट्यांत ओतली. आपण काय करतोय, हे डोक्यातच आलं नाही. एक बाई आजारी आहे, एवढंच डोक्यात होतं.

त्या दिवशी साहेब लवकर आले. टोपी न काढता खुर्चीत बसले. समोर दुसरं कुणी नव्हतं म्हणून असेल, त्यांनी मलाच सांगितलं. "हेड ऑफिसचा कागद आला. पॅरलल बंद. सही केली मी." मग म्हणाले, "आहिरे सोमवारी कळवणला."

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी वेळ विचारली.

"झाली असेल काहीतरी," ते म्हणाले.

मी ताट वाढलं. "मावशी कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"जरा पडल्यात," मी म्हटलं. "पण केलंय त्यांनी."

साहेबांनी डावीकडची वाटी चाखली. मग उजवीकडची. मग परत डावीकडची. कपाळावर आठी आली नाही. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की दोन्ही वाट्या एकाच पातेल्यातल्या.

"जुळलं," ते म्हणाले. घरातली वस्तू चोरीला गेल्यासारखा आवाज होता.

इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते हे होतं. मी कायम झाले होते. आणि पडवीतून मावशीच्या खोकल्याचा आवाज येत होता. पातेलं एकच होतं साहेब, एवढं मला म्हणायचं होतं. पण मी नुसता पाण्याचा तांब्या भरून ताटाजवळ ठेवला.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी मिठाचं भांडं पुढे ओढलं, चांगली मोठी चिमूट घेतली, डावीकडच्या वाटीत टाकली आणि चमच्याने ढवळत राहिले. मग चाखली. कपाळावर आठ्या आल्या.

"फरक आहे," ते मोठ्याने म्हणाले. पडवीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पडवीतून आवाज आला, "बरोबर कुणाचं, बाळू?"

"ते आत्ताच सांगता येत नाही, मावशी. अजून चालू ठेवावं लागेल."

"मग त्या मशीनला नीट शिक म्हणावं."

साहेबांनी ती डावीकडची वाटी पूर्ण संपवली. वर दोन तांबे पाणी प्यायले. मी ताट उचलायला गेले, तर ते खाली बघतच म्हणाले, "सुमनबाई, उद्या दोघी असाल ना?"

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसेल म्हणून "हो" म्हटलं. पुढेही मी तिथेच होते. कायम झालीस, असं मात्र मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

हात धुऊन ते भिंतीपाशी उभे राहिले. मी काही विचारलं नव्हतं.

"आठ," ते म्हणाले. "आणि आठ पाच."