मनगट धरणारे गफूरभाई

माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचे खापर मी दीड वर्ष एका बांगडीवाल्याच्या डोक्यावर राहू दिले. ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितली नव्हती. आज पन्नाशी ओलांडल्यावर ती लिहितो आहे, पण ती समजण्यासाठी आधी गफूरभाई समजले पाहिजेत.

गफूरभाई भेटताच समोरच्याचे मनगट हातात घेत. नमस्कार नंतर. अंगठ्याखालचे हाड दाबून पाहत आणि बांगडीचे माप जाहीर करीत. आम्ही दोघे काम करीत होतो त्या केंद्राची पाहणी करायला जिल्ह्याचे मोठे अधिकारी आले, तेव्हा त्यांचाही हात यांनी धरला. "पावणेतीन. साहेब, भात कम करा." साहेबांनी हात सोडवून घेतला आणि पाहणी दहा मिनिटांत आटोपली.

जालन्यात बसस्थानकामागच्या गल्लीत एका संस्थेचे सल्ला केंद्र होते. नशेची इंजेक्शने टोचून घेणारे लोक तेथे येत. त्यांत लोखंडाच्या कारखान्यांतले मजूर होते, ट्रकवाले होते, चांगल्या घरचेही काही होते. वापरलेली सुई आणून द्यावी आणि नवी न्यावी, म्हणजे एकाची सुई दुसऱ्याला लागणार नाही, एवढा साधा नियम. मी पदवीधर समुपदेशक. गफूरभाई तीस वर्षे बाजारोबाजार बांगड्या भरलेले विधुर गृहस्थ, सुयांच्या खिडकीवर बसत.

मी भिंतीवर कवटीचे चित्र लावले होते. गफूरभाईंनी त्यावर कॅलेंडर टांगले. मी जाब विचारला.

"दुकानाच्या दारात मुडदा टांगल्यावर गिऱ्हाईक येईल का साहेब?"

"हे दुकान नाही, गफूरभाई."

"मंग तं आणखीच मुश्किल. दुकानात लोक खुशीनं येतात."

माझ्या खोलीत लोक खाली मान घालून बसत आणि मी विचारलेल्या प्रश्नांना 'हो' म्हणत. खिडकीवर मात्र ते तासन्‌तास बोलत. गफूरभाई मनगट धरत, बाही वर सारत आणि सुजलेली शीर बोटाने चाचपत. "एकाच जागी रोज टोचून राह्यला काय रे? पिकलंय इथं. डॉक्टरला दाखव, मी येतो संगं. सोडायचं तवा सोड. तवरोक दुसऱ्याच्या सुईला हात लावायचा न्हाई, बिलकुल न्हाई." ते कुणाला शपथ घालत नसत. मला ही पद्धत सैल वाटे. खरे सांगायचे तर मला तिचा मत्सर वाटे.

महिनाभर सुटलेला कुणी पुन्हा नशेकडे वळला, तर मी व्याख्यान देई. गफूरभाई म्हणत, "बांगडी भरताना फुटली तं नुकसान भरणाऱ्याचं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला बोलत न्हाईत."

एका शुक्रवारी दुपारी ते नमाजाला गेले होते आणि खिडकीवर मी बसलो होतो. वाटूरचा गणेश आला. कारखान्यात भट्टीवर काम करणारा, पंचविशीतला. नशेची वेळ टळून गेली होती आणि जुनी सुई जवळ नव्हती.

"गफूरभाई कुठं गेलेत?"

"मी आहे ना. आधी आईची शपथ घे, ही शेवटची म्हणून."

"खोटी शपथ न्हाई घेणार, साहेब."

त्याच्या त्या प्रामाणिकपणाचाच मला राग आला. मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले. त्या संध्याकाळी त्याने सोबत्याची सुई वापरली. दोन महिन्यांनी तो सडलेला दंड घेऊन सरकारी दवाखान्यात दाखल झाला आणि रक्ताच्या तपासणीत नको तो आजार निघाला. नेमका कोणत्या सुईने, हे कुणीच सांगू शकत नाही. या वाक्याचा आधार मी पुष्कळ दिवस घेतला.

गणेशला परत पाठवल्याचे केंद्रप्रमुखांच्या कानावर आले. आम्हा सगळ्यांच्या बैठकीत त्यांनी विचारले, "त्याला परत पाठवलं तेव्हा खिडकीवर कोण होतं?"

मी म्हणालो, "खिडकी गफूरभाईंची असते."

वाक्य खरे होते. म्हणूनच ते इतके वाईट होते. गफूरभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. 'मी मशिदीत होतो' एवढे म्हटले असते तरी पुरे होते. ते म्हणाले, "गलती झाली साहेब," आणि चपला घालून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना काम नव्हते.

दीड वर्षाने प्रमुखांनी मला गणेशच्या चौकशीसाठी वाटूरला पाठवले. त्याच्या घराच्या दाराबाहेर पोत्यावर गफूरभाई बसले होते. गणेशचा हात त्यांच्या मांडीवर होता आणि उकळून निववलेल्या पाण्याने ते दंडावरची जखम धूत होते. ते दर आठवड्याला एसटीने येत, औषध संपले की गणेशला दवाखान्यात नेत.

गणेशच्या आईने मला घरात बोलावून कपबशीत चहा दिला.

"त्यांना?" मी विचारले.

"त्यांना कामून? माह्या लेकराला माघारी धाडलं ह्यांनीच. गणेश म्हन्तो येऊ द्या, म्हनून येऊ देते." त्या पाणी भरायला मागे गेल्या.

मी कप घेऊन बाहेर आलो. गणेश माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी सांगणार होतो मायला. ह्यांनीच सांगू देलं न्हाई."

गफूरभाई पट्टी गुंडाळत होते. हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं नाव निघालं अस्तं तं पोरं केंद्रावर आली नस्ती, साहेब. बांगडीवाले गल्लीत ढीगभर हायेत. शिकलेला माणूस एकच हाय." जरा थांबून म्हणाले, "घरी बसून तरी काय करू? बोलायला कुणी न्हाई."

आई हंडा घेऊन परतल्या. मी कप खाली ठेवला आणि उभा राहिलो. या वेळी मी थांबलो नाही.

"मावशी, त्या दिवशी खिडकीवर मी होतो. हे तिथं नव्हतेच. गणेशला मी परत पाठवलं आणि नाव यांचं होऊ दिलं. मला माफ करा. गणेश, तूही. आणि गफूरभाई, तुमच्या तोंडावर मी खोटा वागलो. मला माफ करा."