रकाना क्रमांक पाच

माणसाच्या मनाचा मोकळेपणा त्याच्या घरापासूनच्या अंतराप्रमाणे वाढत जातो, ही गोष्ट आता सिद्ध झाल्यासारखीच आहे. वलगावच्या पियुषचंच घ्या. वलगावात तो आईच्या हातची भाकर सोडून सहसा काही खात नसे, त्यातही वांगं घरच्या वावरातलंच लागे. अमरावतीला गेला की कुठल्याही गाडीवर उभा राहून गिला वडा खाई आणि तळणाऱ्याची चौकशी करत नसे. पुण्यात त्याने मोमो खाल्ले. किर्गिझस्तानात पोचेपर्यंत हा मोकळेपणा एवढा वाढला, की मेंढीचं अख्खं डोकं समोर आलं तरी त्याने ताट मागे सारलं नाही.

त्याला तिथे पाठवलं होतं 'दूरदेशी स्वयंसेवा परिषदे'ने. परिषदेचं कार्यालय अकोल्यात आहे आणि दृष्टी जगभर. पियुषने एका डोंगराळ गावच्या शाळेत तीन महिने स्वयंसेवा केली. परिषदेच्या अहवालात तिचा तपशील असा दिला आहे:

(अ) घोडीचं आंबवलेलं दूध: एकोणीस वाट्या. पहिली डोळे मिटून, उरलेल्या डोळे उघडे ठेवून.

(आ) वाळवलेल्या दह्याचे खारट, टणक गोळे: मोजले नाहीत. (एक दात किंचित हलला. तक्रार नाही.)

(इ) मेंढीचं उकडलेलं डोकं: एक. तिथे ते मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. पियुषने रीतीप्रमाणे कान कापून घरातल्या पोरांना दिले, गालाचं मांस स्वतः खाल्लं आणि मेंढीशी नजरानजर टाळली.

(ई) चहाची वाटी अर्धीच भरून मिळाली तरी राग मानला नाही. तिथे अर्धी वाटी म्हणजे 'बसा अजून', आणि काठोकाठ वाटी म्हणजे 'निघा आता'.

(उ) मुलांना इंग्रजी शिकवलं. (याचा अधिक तपशील उपलब्ध नाही.)

पियुष परत आला तेव्हा वलगावात त्याचा सत्कार झाला. त्याचे वडील भगवंतराव, ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, ते मंचावरून बराच वेळ बोलले. आपल्या घराण्यात भेदभाव कधी नव्हताच, पोराने तो संस्कार साता समुद्रापार नेला, असं त्यांचं म्हणणं पडलं. (वलगाव ते किर्गिझस्तान या मार्गात समुद्र लागत नाही, पण भावना समजून घ्यावी.) मेंढीच्या डोक्याचा फोटो सगळ्या गावाने पाहिला. आई लीलाबाईंनीही पाहिला, आणि मग मोबाइल ओल्या फडक्याने पुसून घेतला.

पियुषचं मन मात्र त्या डोंगरातच राहिलं होतं. निघताना शाळेतली पोरं रडली होती आणि बर्फ पडायच्या आत परत येतो असा शब्द त्याने दिला होता. त्यामुळे परिषदेने त्याच गावासाठी दोन वर्षांच्या दोन जागा काढल्या, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी अर्ज केला. दुसऱ्या जागेसाठी संघपालने केला. संघपाल हा पियुषचा पहिलीपासूनचा वर्गमित्र. एका बाकावर दोघे दहा वर्षं बसले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही सोबत होते. परिषदेतर्फे संघपालने सहा महिने धारणीकडच्या पाड्यांवर काढले होते. तिथे घरोघरी जेवला, कोरकू बोलायला शिकला आणि मुलांना गणित असं शिकवलं की चौघं नवोदयला लागली. (धारणी भारतातच असल्यामुळे सत्कार करण्याचा प्रश्न उद्भवला नाही.)

अडचण आली ती अर्जामुळे. परिषदेत पौर्णिमा नावाच्या नव्या अधिकारी आल्या होत्या. नव्या माणसांना कधी कधी साध्या गोष्टी सुचतात, तशी त्यांना एक सुचली. जो माणूस शेजाऱ्याकडे जेवू शकतो तोच परक्याकडे नीट जेवेल, असं धरून त्यांनी अर्जात पाचवा रकाना घातला: 'उमेदवाराने स्वतःच्या गावात, स्वतःच्या समाजाबाहेरच्या घरात, आत बसून, घरच्या ताटात अलीकडे घेतलेले जेवण. घरमालकाची सही आवश्यक. रकाना कोरा ठेवू नये.'

पियुषला आधी हसू आलं. एकोणीस वाट्या रिचवलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? मग तो आठवायला बसला. सायंकाळपर्यंत आठवत होता.

संघपालचं घर पियुषच्या घरापासून तीनशे बारा पावलांवर आहे. पावलं त्याने दुसऱ्या दिवशी प्रथमच मोजली, कारण पूर्वी मोजायची वेळच आली नव्हती. संघपालच्या आईने, जयवंताबाईंनी, त्याला आतल्या खोलीत बसवलं आणि स्टीलच्या ताटात वाढलं. ज्वारीची भाकर, भरलं वांगं, ठेचा, कांदा. पियुषने मन घट्ट करून पहिला घास घेतला आणि चकित झाला. चव घरच्यासारखीच होती. परक्या संस्कृतीचं म्हणावं असं त्या ताटात काहीही सापडलं नाही, फक्त ठेचा लीलाबाईंच्यापेक्षा बरा होता. त्याने दीड भाकर जास्त खाल्ली. जयवंताबाईंनी रकान्यात सही केली आणि विचारलं, "आईले सांगून आला का रे?" पियुषने पाण्याचा तांब्या उचलला आणि बराच वेळ पाणी प्यायला.

घरी लीलाबाईंनी काही विचारलं नाही. फक्त न्हाणीत गरम पाणी काढून ठेवलेलं होतं. (महिना मे. तापमान पंचेचाळीस.)

आता संघपालचा रकाना राहिला. धारणीची जेवणं धरली जात नव्हती, कारण धारणी हे त्याचं गाव नव्हे. तो पियुषला म्हणाला, रविवारी तुमच्याकडे येतो. पियुषने आईला सांगितलं. लीलाबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत, हे इथे मुद्दाम नोंदवलं पाहिजे. उलट त्यांनी रोडगे केले, वांग्याची भाजी केली, वरून तुपाची धार धरली. त्यांच्या मनात संघपालविषयी माया होती आणि ती त्या दरवेळी ओसरीवर आणून देत.

त्या रविवारीही ओसरीवरच चटई टाकली. ताट म्हणून पत्रावळ होती, पाण्याला कागदी ग्लास. संघपाल आला की लीलाबाई नेहमी नवा कोरा ग्लास काढतात. घरच्यांना जुने, धुतलेले वापरावे लागतात. (हा मान गावातल्या ठरावीक घरांनाच मिळतो.)

इस्त्रीचा शर्ट घातलेला संघपाल चटईपाशी उभा राहिला. अर्ज त्याच्या हातात होता. त्याने पियुषकडे पाहिलं. पियुष आत, उंबऱ्याच्या पलीकडे उभा होता. 'आई, आत वाढ' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पियुषने आईला हळूच विचारलं, मी तिथं सगळ्यांच्या घरात जेवलो, ते तुला चाललं ना?

"तिथं कोन पायत होतं बाबू," लीलाबाई म्हणाल्या. "इथं सारं गाव पायते."

भगवंतरावांनी मधला मार्ग काढला. अमरावतीला चांगल्या हॉटेलात जाऊ, एका टेबलावर बसू, खर्च त्यांचा. पियुषने वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मेंढीच्या डोक्यापुढे उघडलेलं तोंड त्याला इथे उघडता आलं नाही. त्याला स्वतःची लाज मात्र वाटली.

संघपाल चटईवर बसला, पोटभर जेवला, आणखी एक रोडगा मागून घेतला. हात धुऊन त्याने अर्ज खिशात घातला.

"जेवन मस्त झालं काकू," तो म्हणाला. "पन यात 'घरात' लिवलं हाय. मी खोटं कसं लिवू?"

निकाल पंधरा दिवसांनी लागला. पियुषची निवड झाली. रकाना पाच व्यवस्थित भरल्याबद्दल पौर्णिमाबाईंनी त्याचं विशेष अभिनंदन केलं. रकाना कोरा ठेवलेल्या संघपालला दोन ओळींचं पत्र आलं: 'आपण स्वतःच्या समाजाबाहेर फारसे मिसळत नाही असे दिसते. मनाचा मोकळेपणा वाढवून पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा.'

पियुषच्या निरोप समारंभात भगवंतराव पुन्हा बोलले. टाळ्या वाजवणाऱ्यांत संघपालही होता. पियुषने मंचावरून तेवढ्या एका माणसाकडे पाहिलं नाही.

वाचकहो, तुम्हाला एव्हाना लीलाबाईंचा थोडा राग आला असेल आणि संघपालची कणव आली असेल. दोन्हींबद्दल परिषद आभारी आहे. पुढच्या वर्षासाठी तुमच्याकडून एवढीच माहिती हवी: तुमच्या दारापर्यंत येऊन ज्याचा रकाना कोरा राहिला, अशा एका माणसाचं नाव. नाव आठवत नसेल तर आडनाव कळवा. ते तर तुम्ही पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.