आत हायेत, येतेत

लिंबाजीमामांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणू नये हे खरंच, पण मामांनी ते पार टोकाला नेलं होतं. पोपटी इरकल संपलेली असली तरी ‘हाय की, येतीय’ म्हणायचे. मग गिऱ्हाईक चहा पिऊन पिऊन थकायचं आणि जांभळी घेऊन घरी जायचं. ‘गेला’, ‘गेली’ ह्या शब्दांचं तर त्यांना विंचवासारखं भय. लाईट गेली की म्हणायचे, ‘लाईट येतीय.’ मोठे शेठ वारले तेव्हा मामांनी ‘त्ये आता लई आराम करतेत’ असं सांगितलं, आणि नेकनूरचं एक जुनं गिऱ्हाईक भेटायला म्हणून आंब्याची पाटी घेऊन थेट शेठच्या घरी पोचलं. भिंतीवर हार घातलेला फोटो बघून त्या माणसाला घामच फुटला.

बीडच्या बाजारातल्या त्या दुकानात माझी गादी मामांच्या गादीला लागून होती. आम्ही दोघं बस्त्याची माणसं. म्हणजे लग्नघरचं सगळं खटलं एकदम साड्या घ्यायला येतं, ते आमच्याकडं. मामा उंच, हडकुळे, कानात अत्तराचा फाया, आणि चालणं असं की मागं येऊन उभे राहिलेले कळायचं नाही. एकटेच राहायचे. लग्नच केलेलं नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाळंतपणाची सुट्टी संपली आणि लेकीला सासूबाईंजवळ ठेवून मी कामावर आले. गादीपाशी आले आणि थबकले. चादर ताजी धुतलेली. माझी कात्री, माझा टेप जागच्या जागी. पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या, त्यावर पेला. आणि कडेला हळदकुंकू, सुकलेला गजरा, हिरव्या बांगड्या, खोबऱ्याची वाटी. कुणीतरी माझ्या रिकाम्या गादीची ओटी भरली होती.

“मामा, हे काय?”

“लोक ठिवतेत,” मामा म्हणाले. “बसा, ताई.”

त्या दिवशी आत येणारी प्रत्येक बाई माझ्याकडं बघायची आणि लगेच नजर खाली टाकायची. लाजून नव्हे. माझे पाय बघत होत्या, सरळ आहेत की उलटे. एका म्हातारीनं हळूच माझ्या हाताला बोट लावून पाहिलं. हात कोमट लागला तशी ती जास्तच घाबरली. दुपारी माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतली एक मावशी जिन्याखाली भेटली आणि तिनं छातीला हात लावला.

“अगं माय! तू खाली आलीस?”

“खाली म्हणजे?”

“न्हाई, तू माळ्यावर असतीस म्हनं.”

मग उलगडा झाला. माझ्या मागं जी ती विचारायची, सुनीताताई कुठं? मामा काय सांगणार? ‘नाहीत’ म्हणता येत नाही, आणि ‘बाळंतपणाला गेल्या’ म्हणावं तर त्यात ‘गेल्या’ येतं. ते माळ्याच्या जिन्याकडं हात करून सांगायचे, “आत हायेत. येतेत.” माळ्यावर खोकी आणि उंदीर. उंदरांनी खुडबूड केली की म्हणायचे, “बगा, आल्याच.” येत मात्र कुणी नसे. शिवाय मामा रोज सकाळी त्या रिकाम्या जागेपुढं भरला तांब्या ठेवायचे, आणि गिऱ्हाइकासमोर सवयीनं तिकडं वळून म्हणायचे, “ताई, ती मोरपंखी काढा बरं.” क्षणभर थांबायचे आणि स्वतःच उठून काढायचे.

मला दिवस गेलेले सगळ्यांनी पाहिलेलं. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होऊन जागा धरून बसते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. बायकांनी काय ते ओळखलं आणि मला शांत ठेवायला ओट्या भरू लागल्या. खोबरं बहुतेक आताचे, धाकटे शेठच खात होते.

आधी मला हसू आलं. पण मी साडी पुढं केली की बाई ती मामांच्या हातून घ्यायची. मी काही विचारलं की उत्तर मामांना मिळायचं. हसू आटलं. एका ढगाळ दुपारी लाईट गेली, समोरच्या मोठ्या आरशात एक ओढलेल्या डोळ्यांची, विस्कटलेल्या केसांची बाई दिसली आणि मीच किंचाळले. ती मीच होते. संध्याकाळी घरी लेक मला बघून रडायला लागली की बरं वाटायचं. निदान हिला तरी मी दिसते.

शेठनी बोलावलं. “ताई, लग्नसराई तोंडावर हाय, आन् गिऱ्हाईक तुमच्याकडं फिरकंना. ह्या आठवड्यात तुमच्या गादीवर एक तरी बस्ता झाला तर ठीक. न्हाईतर घरी लेकरू सांभाळा.” नवऱ्याचं काम सुटलेलं. माझ्या पगारावर चूल पेटत होती.

मी मामांवर धावले. “सरळ सांगा ना लोकांना, बाळंतपणाला गेली होती, आता आली म्हणून!”

मामांचे हात घडीवरच थांबले. “त्येवढं सोडून काय बी सांगा, ताई.”

“तुमच्या एका शब्दापायी माझी नोकरी जाईल!”

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आठवडा संपत आला तेव्हा धर्मापुरीकडचं एक लग्नघर आलं. बाकीच्या गाद्या भरलेल्या, रिकामी फक्त माझी. नवरी बसायला वाकली तर आजीनं तिचा दंड धरला.

“हितं नगं. बाधंल. हितली बाई बाळंतपनात गेलीय.”

“आजी, मी जिवंत आहे,” मी म्हणाले.

“समद्याच असं म्हनत्यात,” आजी म्हणाली.

गल्ल्यावरून शेठ माझ्याकडं बघत होते. तेवढ्यात मामा उठले. कसलीही चाहूल न देता ते आजीपुढं उभे होते.

“आजी, बाळंतपनात गेली ती माजी बायकू. ही न्हाई.”

दुकानातला सगळा गलका थांबला. मामा आजीकडंच बघत होते.

“तिला बाळंतपनाला माहेरी सोडाया गेलतो. परत आलो तर शेजाऱ्यानं इचारलं, बायकू कुठाय? मी हसत म्हनलो, गेली. आदी मी म्हनलो, मंग निरोप आला. म्हनून हिला एकदा बी म्हनलो न्हाई. एकदा बी न्हाई. म्हनून ही आलीय. बगा, हात लावून बगा.”

आजीनं माझा हात धरला. मग तिची नजर माझ्या ब्लाउजवर गेली. लेकीला पाजायची वेळ टळून गेली होती, मला पत्ताच नव्हता.

“अगं, हिला तर पान्हा फुटलाय!” आजी मागं वळून सगळ्यांना म्हणाली. “मेलेलीला कुठला पान्हा? बसा गं पोरीहो!”

बस्ता झाला. नवरीनं माझ्याच हातून शालू घेतला, आणि शेठनी मला लौकर घरी जायला सांगितलं.

निघताना मामा मोडलेल्या घड्या घालत बसले होते. मी परत आल्यापासून त्यांनी लेकीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. आता मान खालीच ठेवून म्हणाले, “नाव काय ठिवलं?”

“मीरा.”

“मीरा,” त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. हातातल्या एका शालूचा पदर गुडघ्यावर नीट केला.

“आमची बी लेकच व्हती. नाव ठिवायचं ऱ्हायलं.”