बासष्ट टक्क्यांचे नाना

नानांना ‘कसे आहात?’ विचारा, ते सांगतील, ‘‘बासष्ट टक्के.’’ स्वतःची तब्येत नव्हे हो, सर्व्हरची मेमरी!

रावेरला केळी पॅकिंगच्या ऑफिसात मी बिलं करते आणि नाना कॉम्प्युटर सांभाळतात. माणूस शिंदखेड्याचा, बोली अहिराणी. सर्व्हर किती भरलाय ते दाखवणारा आलेख त्यांच्या स्क्रीनवर सतत सरकत असतो आणि चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसे नाना त्याच्याकडे बघत बसतात. ऐंशीच्या वर गेला की गरजतात, ‘‘कोनी उघाडा मोठा रिपोर्ट? एक पंगत उठू द्या, मंग दुसरी बसाडा!’’ आम्ही मुकाट फायली बंद करतो. कारण सर्व्हर अडकला की ट्रकबरोबर द्यायची मालाची बिल्टी निघत नाही, ट्रक हलत नाही, आणि केळी काही कुणासाठी पिकायची थांबत नाहीत. ऐन लोडिंगला मॅनेजरसाहेबांनी एकदा अख्ख्या वर्षाचा रिपोर्ट उघडला, तर नानांनी सरळ त्यांचा माउसच उचलून नेला. काय बिशाद साहेबांची बोलायची!

त्याच स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो. नाव ‘अक्का’. मला वाटलं, दुसरा सर्व्हर असेल. विचारलं तर नाना चक्क लाजले.

‘‘माय शे मनी. बठ्ठा तिले अक्का म्हनतस. गावले एकलीच ऱ्हास, आठे येत नही. तिना टीव्हीना डबा नेटले जोडेल शे. डबा चालू, म्हंजे माय बरी.’’

हल्ली तो ठिपका दुपारी हटकून लाल व्हायचा. नाना घाबरेघुबरे होऊन फोन लावायचे, ‘लाइट गयथी’ म्हणून अक्का सांगायच्या, की पुन्हा हिरवा.

परवा तर कहरच झाला. दारात ट्रकांची रांग, मेमरी एक्क्याण्णव टक्के, आणि ठिपका लाल! नानांनी सर्व्हर सोडून फोन लावला, स्पीकरवर. माझं डोकंच फिरलं. मी मधेच ओरडले, ‘‘अहो अक्का, तो डबा दुरुस्त करून घ्या एकदाचा! इथे यांचा जीव जातो!’’

‘‘डबाले काय धाड भरनी?’’ पलीकडून आवाज आला. ‘‘मीच बटन बंद करस. बंद करं का मना पोऱ्याना फोन येस.’’

आलेखाकडे नानांनी बघितलंसुद्धा नाही. मीच म्हटलं, ‘‘जा नाना. इथल्या फायली मी बंद करवते सगळ्यांच्या.’’

‘‘माय,’’ नाना कसेबसे म्हणाले, ‘‘मी येस. आजच.’’

‘‘मंग वांगा भाजाले टाकस,’’ अक्का म्हणाल्या, आणि पोराचा विचार बदलायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.