विनापरवाना पूल

एका जंगलात, मुलांनो, एक विद्यापीठ होतं. जंगलात विद्यापीठ कशाला, असं लगेच विचारू नका. तुमच्या गावातलं तरी कशाला आहे, ते आधी कोणाला तरी विचारून या.

या विद्यापीठात रचना आणि तंत्रज्ञान शिकवत. म्हणजे वस्तू कशी आखावी, कशी बांधावी आणि बांधून झाल्यावर तिला काय नाव द्यावं. नाव देण्याला सगळ्यात जास्त गुण असत.

विद्यापीठाच्या कचेरीत भागीरथीबाई नावाची एक साळिंदर कामाला होती. अंगभर काटे, पण स्वभावाने अगदी मऊ. तिच्याकडे अभिनंदनाचं टेबल होतं. कोणाची बढती झाली, कोणाला पिल्लं झाली, की भागीरथीबाई पाठीवरून गळलेला एक काटा उचलायची, जांभळाच्या रसात बुडवायची आणि अभिनंदन लिहायची. बावीस वर्षं ती हेच करत होती. तिचं अभिनंदन करायचं काम मात्र कोणाच्याच टेबलावर नव्हतं.

पदवीदान समारंभ जवळ आला तसं कुलगुरूंनी तिला बोलावलं. कुलगुरू होते गवेसाहेब. नावाप्रमाणेच गवा. मान इतकी जाड, की ती वळवायला त्यांना वेळ लागे. त्यामुळे ते नेहमी एकाच बाजूचं ऐकत.

"बाई, भाषण लिहायला घ्या," ते म्हणाले. "यंदा महाराज स्वतः येणार आहेत."

महाराज म्हणजे वाघ, हे तुम्ही ओळखलंच असेल.

"महाराजांना सध्या दोन शब्द आवडतात. चिकाटी आणि नवनिर्मिती. दर पानावर दोन्ही आले पाहिजेत."

"आणि उदाहरण, साहेब?"

"ते कशाला?"

"गेल्या वर्षी पाहुण्यांनी विचारलं होतं, चिकाटी नक्की कोणाची म्हणून. तेव्हा तुम्ही त्यांचंच नाव सांगितलंत."

"मग? खूश झाले होते की."

"ते बिबटे होते, साहेब. महाराज असं नाव ऐकलं की पुढचं विचारतात."

गवेसाहेबांनी थोडा विचार केला. थोडाच, कारण मग जेवायची वेळ झाली.

"घ्या एखादं उदाहरण," ते म्हणाले. "पण लहानसं घ्या."

उदाहरण शोधायला भागीरथीबाई वसतिगृहाकडे निघाली. वसतिगृह ओढ्याच्या पलीकडे होतं आणि वर्ग अलीकडे. मधे पूल नव्हता. विद्यापीठात पूल-रचनेचा विभाग होता, त्याला तीन प्राध्यापक होते, पण पूल नव्हता. तो 'प्रस्तावित' होता. सात वर्षं तो नकाशावर ठिपक्याठिपक्यांच्या रेषेत उभा होता आणि विद्यार्थी ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत वर्गात येत होते.

भागीरथीबाई ओढ्याशी पोचली आणि थबकली. समोर पूल होता.

लांबच लांब बांबू एकमेकांत गुंतवलेले. दोन्ही बाजूंना पळसाच्या मुळ्या कुटून वळलेले जाड दोर. हाताला धरायला वेल. मधोमध एक जोड असा, की पाणी वाढलं तर पूल मोडण्याऐवजी वर उचलला जावा. भागीरथीबाईने भीत भीत एक पाय ठेवला. पूल हलला, पण कुरकुरला नाही. पलीकडे पोचेपर्यंत तिने तीन वेळा खाली पाहिलं आणि तिन्ही वेळा तिला आपण पडत नाही आहोत याचं नवल वाटलं.

पलीकडच्या टोकाला एक खार बसली होती. तिचं नाव शेवंता.

"हा कोणी बांधला गं?" भागीरथीबाईने विचारलं.

"इंदूने. माझ्यामुळे," शेवंता म्हणाली. तिच्या आवाजात थोडी ऐट होती. "गेल्या श्रावणात मी परीक्षेला निघाले होते. दगडावर शेवाळ होतं. पाय सटकला, आणि गेले वाहून. इंदूने उडी मारून मला धबधब्याच्या तोंडातून ओढून काढलं. मला काठावर ठेवलं आणि म्हणाली, तू इथेच थांब, मी बांबू घेऊन येते."

"आणि परीक्षा?"

"त्या खेपेला दोघीही नापास. विषय पूल-रचना."

इंदू होती पाणमांजर. तिला स्वतःला पुलाची काहीच गरज नव्हती. ती पोहत दोन मिनिटांत पलीकडे जाई. तरी सव्वा महिना खपून तिने तो बांधला होता. पहिला पाण्यात गेला, दुसरा मधेच वाकला, हा तिसरा. भागीरथीबाई गेली तेव्हा ती पुलाखाली कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एक गाठ आवळत होती.

"इंदू, बाळ, मी तुझं नाव भाषणात घालणार आहे," भागीरथीबाई म्हणाली. "चिकाटी म्हण, नवनिर्मिती म्हण, सगळं एकाच जागी सापडलं मला."

इंदू हसली. दोराच्या पिळात खोचलेलं एक पान काढून तिने पुढे केलं.

ती नोटीस होती. शिस्तपालन समितीची. नोटिसांचं टेबल वेगळं असल्यामुळे भागीरथीबाईला तिचा पत्ताच नव्हता. तिने ती वाचली. विद्यार्थिनीने विनापरवाना बांधकाम केलं असल्यामुळे तिची पदवी रोखण्यात येत आहे. सदर पूल समारंभ संपताच पाडण्यात येईल. तोपर्यंत पाहुण्यांची ने-आण त्यावरूनच करावी.

खाली गवेसाहेबांच्या खुराचा ठसा.

"तू परवानगी मागितली नव्हतीस का?"

"मागितली होती. अर्ज परवाना समितीकडे गेला. समितीत तीन कासवं आहेत, बाई. त्यांची बैठक अजून सुरू व्हायची आहे."

"मग आता काय करणार तू?"

"गाठ आवळणार," इंदू म्हणाली. "पाहुणे जड असतात."

भागीरथीबाई कचेरीत परतली. भाषण लिहायला बसली आणि तिला एक ओळ सुचेना. असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. अभिनंदन लिहिणं सोपं होतं, कारण ज्याचं करायचं त्याला ती कधी भेटतच नसे. आता डोळे मिटले की कमरेएवढ्या पाण्यातली ती पोरगी दिसायची.

दोन दिवस तिने नुसते काटे तासले. तिसऱ्या दिवशी तिला एक गोष्ट आठवली. गवेसाहेबांनी आजवर एकही भाषण आधी वाचलं नव्हतं. ते थेट व्यासपीठावर कागद उघडत आणि समोर येईल ते वाचत सुटत. एकदा चुकून वाण्याची यादी लागली होती. तिलाही टाळ्या पडल्या होत्या.

भागीरथीबाईचे काटे उभे राहिले. नोकरी जाईल, असं तिला वाटलं. मग वाटलं, गेली तर गेली. मग परत वाटलं, गेली तर काय करायचं? असं होता होता भाषण लिहून झालं.

गवेसाहेबांनी कागद खुरावर तोलून पाहिले.

"वजन बरं आहे," ते म्हणाले.

समारंभाला सगळं जंगल लोटलं होतं. महाराज मधल्या खुर्चीवर बसले. काळे झगे घातलेले पदवीधर ओळीने उभे. इंदू झग्याशिवाय, मागे, शेवंताच्या शेजारी. तिला आत घ्यायचं नव्हतं. पण प्रवेशद्वारावरचा रखवालदार रोज तिच्याच पुलावरून कामावर येई, त्यामुळे त्याने नेमकं तेव्हा दुसरीकडे पाहिलं.

गवेसाहेब उठले. कागद उघडला आणि वाचू लागले.

"प्रिय पदवीधरांनो, तुमचं मनःपूर्वक अभिनंदन. तुमच्या चिकाटीचं किती कौतुक करावं? आम्ही तुम्हाला सात वर्षं पूल दिला नाही. तुम्ही उड्या मारत शिकलात. प्रयोगशाळेची किल्ली आमच्याकडून हरवली. तुम्ही खिडकीतून आत गेलात. छप्पर गळत होतं, तर तुम्ही त्या थेंबांवर जलचक्र चालवून दाखवलंत."

टाळ्या पडल्या. गवेसाहेबांना आपण काय वाचतो आहोत ते कळत नव्हतं, पण टाळ्या कळत होत्या. त्यांचा आवाज चढला.

"आणि नवनिर्मिती पाहायची असेल तर ओढ्याकडे पाहा. इंदू पाणमांजर या आमच्या विद्यार्थिनीने स्वतःच्या हातांनी पूल बांधला. त्याबद्दल आम्ही तिची पदवी रोखून धरली आहे. ती पदवी तिला आज सगळ्यांत आधी महाराजांच्या हस्ते..."

इथे गवेसाहेब अडखळले. पण वाक्य उताराला लागलं होतं आणि गव्याला उतारावर थांबता येत नाही.

"...महाराजांच्या हस्ते देण्यात येत आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

मागच्या कनातीआड भागीरथीबाई गोळा होऊन बसली होती. साळिंदर घाबरली की तसंच बसते.

महाराजांनी सावकाश मान वळवली.

"सात वर्षं पूल दिला नाहीत?"

"नाही, महाराज," गवेसाहेबांच्या तोंडून कसंबसं आलं.

"मुद्दाम?"

आयुष्यात पहिल्यांदा गवेसाहेबांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. मग म्हणाले, "मुद्दामच, महाराज. मुलांच्या अंगी चिकाटी यावी म्हणून."

महाराजांचे डोळे चमकले. ते उठले आणि त्यांनी आपल्या गळ्यातलं पदक काढून गवेसाहेबांच्या गळ्यात घातलं. ते जेमतेम मानेच्या अर्ध्यावर बसलं.

"असा कुलगुरू मी पाहिला नाही," महाराज म्हणाले. "सोयी कोणीही देतो. यांनी दूरदृष्टीने गैरसोय दिली."

त्यांनी तिथेच फर्मान काढलं. विद्यापीठात नवा विभाग सुरू व्हावा, अडचण विभाग. यापुढे विद्यापीठात कोणालाही, कसलीही सोय राहू नये. इंदूला पदवी द्यावी. तिचा पूल सोडवून वस्तुसंग्रहालयात मांडावा, म्हणजे पुढच्या पिढीला प्रेरणा मिळेल. आणि ओढ्यावर राहू देऊ नये, म्हणजे तिची चिकाटी बिघडणार नाही.

इंदूने पदवी घेतली. टाळ्या पुष्कळ पडल्या. दोन दिवसांनी पूल सुटा करून वस्तुसंग्रहालयात नेला आणि कोरड्या जमिनीवर मांडला. भोवती दोरी बांधली. पाटी लावली, 'कृपया पुलावर चढू नये.'

भागीरथीबाई त्या पाटीसमोर उभी होती. तिला जेवण गोड लागत नव्हतं.

"पोरी, मी तुझा पूल घालवला," ती इंदूला म्हणाली. "मला वाटलं होतं, खरं लिहिलं की पुरे."

"तुमचं लिखाण चांगलंच होतं, बाई. ऐकणारे जरा वेगळे निघाले."

"शेवंताच्या धाकट्या बहिणीचा यंदा पहिला वर्ग आहे. दगडावरून जाणार ती."

इंदूने दोरीवरून वाकून पुलाची एक गाठ चाचपून पाहिली. मग म्हणाली, "बाई, त्या अडचण विभागाला प्रमुख मिळाला का?"

मिळाला नव्हता. जाहिरात निघाली, तेव्हा एकच अर्ज आला. अर्जदाराला अडचणींचा चार वर्षांचा अनुभव होता. निवड त्याच कासवांच्या समितीकडे होती. ती बिनविरोध झाली, कारण विरोध करायला कासवं वेळेवर पोचलीच नाहीत.

नेमणुकीच्या दुसऱ्याच दिवशी इंदूने रानडुकरांची एक टोळी बोलावली आणि कामाला सुरुवात केली. दुपारपर्यंत कुलगुरूंच्या कचेरीभोवती रुंद, खोल चर खणून झाला. ओढ्याचं पाणी वळवून त्यात सोडलं. आत कचेरी, मधे चर, बाहेर गवेसाहेब.

"हे काय आहे?" गवेसाहेबांनी विचारलं.

"फर्मानाप्रमाणे काम सुरू केलंय, साहेब," इंदू म्हणाली. "कोणालाही, कसलीही सोय राहू नये, असं लिहिलंय त्यात. म्हटलं, सुरुवात मानाच्या जागेपासून करावी."

"मग मी आत कसा जाऊ?"

"बांबू आणि दोर ठेवलेत बाजूला."

गवेसाहेबांनी बांबू उचलला.

"साहेब, ते विनापरवाना बांधकाम होईल," भागीरथीबाई हळूच म्हणाली. ती आपलं टेबल झाडाखाली मांडून बसली होती.

"परवानगी मी देतो की."

"परवानगीचे फॉर्म तुमच्या टेबलाच्या खणात आहेत. आत."

गवेसाहेबांनी बांबू खाली ठेवला. पहिला दिवस ते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चरात एक पाय घालून पाहिला आणि लगेच काढला. येणारे-जाणारे विद्यार्थी थांबून त्यांच्या चिकाटीचं कौतुक करत. भागीरथीबाईने रीतसर अभिनंदनाचं पत्रही लिहून हातात दिलं. दोन्ही शब्द दोनदोनदा घातले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गवेसाहेब म्हणाले, "बांधा पूल. तोंडी परवानगी आहे माझी."

"कोणता पूल, साहेब?" इंदूने विचारलं.

"कोणता म्हणजे? हा. तो. सगळे. जिथे पाणी दिसेल तिथे बांधा, पण मला आत जाऊ द्या."

'सगळे' हा शब्द त्यांच्या तोंडून पुरता बाहेर पडायच्या आत भागीरथीबाईने तो लिहून घेतला होता. तिने कागद पुढे केला. गवेसाहेबांनी खूर उमटवला. इंदू कागद घेऊन आधी ओढ्याकडे गेली. तिकडचा पूल सव्वा महिन्याऐवजी चार दिवसांत झाला, कारण यावेळी बांबू धरायला सगळं वसतिगृह आलं होतं. कचेरीचा पूल त्यानंतर झाला. तोवर गवेसाहेब झाडाखाली भागीरथीबाईच्या टेबलाशेजारी बसून होते. तिथे बसून त्यांनी पहिल्यांदाच आपलं एक जुनं भाषण वाचलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, हुशार विद्यार्थ्याने लोकांसाठी पूल बांधत बसू नये. त्यामुळे नोटीस मिळते. योग्य दारासमोर एक चर खणावा. पूल आपोआप मंजूर होतात.