सात नंबरच्या बसबद्दल जनमत

हॉलमध्ये अकरा माणसं बसलेली पाहून डेनिस कोवालचुकचा जीव भांड्यात पडला. कॅनडातल्या, मॅनिटोबा प्रांतातल्या त्या गावात, जानेवारीत, उणे सव्वीस अंशांत अकरा जण मत द्यायला येणं म्हणजे लोकशाहीचा उत्सवच. सात नंबरची बस ठेवायची की बंद करायची, हे नगरपालिकेला ठरवायचं होतं. त्याआधी संबंधितांची मनं जाणून घ्यावीत म्हणून डेनिस नेमली गेली होती.

मनं जाणून घेता घेता तासाभराने तिच्या लक्षात आलं, की अकराही जण आपापल्या गाडीने आले होते. बसमध्ये कुणीच कधी पाय ठेवला नव्हता. मतं मात्र भरपूर होती. एका गृहस्थांना बसचा रंग खटकत होता. एका बाईंची तक्रार होती, की बस पुढे असली की त्यांना कामाला उशीर होतो.

मग बसने येणारे कुठे गेले? तिने परिवहन खात्याच्या गॉर्डन प्रुइटना फोन लावला. ड्रायव्हर आजारी असल्यामुळे सकाळची फेरी रद्द केल्याचं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"अहो, मग ते लोक येणार कसे?"

"आले नाहीत ना? म्हणजे त्यांची तक्रार नाही. तसंच लिहा."

साडेबारा वाजता, खुर्च्या आवरून होत असताना, दार उघडलं. भुवयांवर बर्फ साचलेल्या पाच म्हाताऱ्या आत आल्या. तीन किलोमीटर चालत. सर्वांत पुढे होती एक्याऐंशी वर्षांची ओरिसिया.

"कोट मागाहून काढते," ती म्हणाली. "आधी लिहून घे, पोरी. बस गेली तर दवाखान्यात जायचं कसं?"

वेळ संपल्यावर आलेली मतं धरू नयेत, असं गॉर्डनचं म्हणणं. डेनिस हट्टाला पेटली. अहवालाच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलं, की पाच वृद्ध स्त्रिया आपलं म्हणणं मांडायला बर्फातून तीन किलोमीटर चालत आल्या. इतकं बोलकं वाक्य आपण आजवर लिहिलं नाही, असं तिला वाटलं.

नगरपालिकेलाही ते बोलकं वाटलं. ठराव एकमताने झाला: येथील वृद्ध नागरिक तीन किलोमीटर सहज चालतात, सबब बसची आवश्यकता नाही.

डेनिस शरमेने ओरिसियाच्या घरी गेली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्यापुढे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्यांची, पिरोहींची, बशी सरकवली.

"निघालो बारा जणी होतो," ती म्हणाली. "सात जणी अर्ध्या वाटेतून परतल्या. ते तू विचारलंच नाहीस."