निळ्या थराखालचं घर

दाभोशाच्या मंगळूकडे मोखाड्याहून तुळशीदास मास्तर आपल्या निशासाठी स्थळ बघायला आले होते. मंगळूचा मुलगा तुषार. जव्हारला एका पाऊसपाण्याच्या प्रकल्पात संगणकावर नकाशे करायचा. मास्तरांनी विचारलं, "म्हणजे करता काय नक्की?" दोन शब्दांत भागलं असतं, पण तुषारने लॅपटॉप उघडला.

खाली उपग्रहाने काढलेला पाड्याचा फोटो, डोंगरासकट. त्यावर पावसाच्या आकड्यांचं चित्र. पाऊस जेवढा जास्त, तेवढं निळं गडद. यंदा पाऊस असा, की सगळं कडेपर्यंत निळंशार. आणि वरचा थर पारदर्शक करायचा तुषार विसरलेला.

"हे काय?"

"आपला पाडा, काका."

"पाडा कुठाय यात?"

"खाली आहे."

शेजारची पोशी आजी दारातून डोकावत होती. ती ओरडतच सुटली, "बुडला! पाडा बुडला! धरण येतंय गं बायांनो!"

चहाला उकळी यायच्या आत अंगण भरलं. आजीच्या कोंबड्या माळ्यावर गेल्या. एक जाडा कोंबडा तर स्वतः शिडी लावून चढला, असं पाहणारे आजही सांगतात.

"थांबा, फिकट करतो," म्हणत तुषारने पडद्यावरची पट्टी निम्म्यावर ओढली. तिथेच घात झाला. निळ्याखालून एकेक कौल दिसू लागलं, हुबेहूब बुडालेलं.

"त्ये बघ माझं घर! पार तळाला गेलंय!"

"माझा बैल दिसतो का रं?"

त्याने आणखी फिकट केलं. "पाणी नितळलं," गर्दीतला फागू म्हणाला. मग तुषारने थरच काढून टाकला.

"आता लपवतोय! निदान बापाला तरी सांगायचंस रं!"

मंगळूने मान खाली घातली. तुषारला वाटलं, धरण खरंच यावं आणि आधी आपल्याला पोटात घ्यावं.

मास्तरांनी मात्र मघाशीच निम्म्या निळ्याचा फोटो मोबाइलवर काढला होता. तुषारला गोठ्यामागे नेऊन ते पुटपुटले, "धरणात गेलेल्यांना रस्त्याला लागून प्लॉट देतात ना?"

"काका, शपथ घेतो, धरण नाहीच!"

"शाबास! सरकारी गुपित असंच पोटात ठेवावं. मुलगी दिली."

तुषार दारोदार हात जोडत फिरला. कुणी ऐकेना. कोंबड्याही खाली येईनात.

संध्याकाळी मास्तरांच्या निशाचाच फोन आला. तो कसाबसा म्हणाला, "ते धरण... खोटं आहे. चूक माझीच."

"माहितीय. बाबांनी फोटो दाखवला. पाणी डोंगराच्या माथ्यावर पण चढलंय, एवढं कळतं मला."

"मग मास्तरांना सांगू?"

"हळद लागू दे, मग सांगा. आणि लग्नाच्या फोटोंना तेवढा हात लावू नका."